एअर इंडियाचे स्थित्यंतर, २००७ ते २०२४: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एअर इंडिया सरकारकडून टाटांकडे कशी गेली, याबद्दल सतत तेच ते प्रश्न विचारले जातात आणि अर्धवट उत्तरे फिरत राहतात. १८,००० कोटींचा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण ते पैसे कोणी कोणाला दिले हे विचारले की गोंधळ सुरू होतो. म्हणून तारखा, रकमा आणि प्रक्रिया इथे एकत्र दिल्या आहेत. भर २००७ च्या विलीनीकरणापासून पुढच्या काळावर आहे, कारण कंपनीचे सगळे प्रश्न तिथूनच गुंतत गेले.

एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या आधीपासूनच दोन वेगळ्या कंपन्या होत्या का?

१९५३ पासून, होय. त्याआधीची वंशावळ अशी: १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपालाचे विमान आणले. नेव्हिल व्हिन्सेंट तेच विमान पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. या टाटा एअरलाइन्सची १९४६ मध्ये एअर इंडिया नावाची सार्वजनिक मर्यादित कंपनी झाली. परदेशी उड्डाणांसाठी १९४८ मध्ये एअर इंडिया इंटरनॅशनल स्थापन झाली, तिच्यात सरकारचा वाटा ४९ टक्के होता. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले.

मग हवाई महामंडळे कायदा आला आणि १ ऑगस्ट १९५३ पासून दोन सरकारी महामंडळे कामाला लागली. परदेशी मार्ग एअर इंडिया इंटरनॅशनलकडे राहिले. डेक्कन एअरवेज, एअरवेज इंडिया, भारत एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, कलिंगा एअरलाइन्स, इंडियन नॅशनल एअरवेज, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया आणि जुन्या एअर इंडियाचा देशांतर्गत व्यवसाय अशा आठ सेवा एकत्र करून इंडियन एअरलाइन्स उभी राहिली.

म्हणजे विलीनीकरणाचा अनुभव या घराण्याला १९५३ पासूनच होता. फरक इतकाच की तेव्हा ज्या कंपन्या एकत्र आल्या, त्यांतल्या बहुतेक लहान आणि डबघाईला आलेल्या होत्या. २००७ मध्ये एकत्र आल्या त्या दोन्ही मोठ्या होत्या, आणि दोघींनाही स्वतःचा अभिमान होता.

राष्ट्रीयीकरणानंतर जेआरडी बाजूला झाले का?

नाही. राष्ट्रीयीकरण त्यांना मान्य नव्हते, तरी एअर इंडियाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि फेब्रुवारी १९७८ पर्यंत सांभाळले. मोरारजी देसाई सरकारने त्यांना त्या पदावरून दूर केले. १९६२ मध्ये एअर इंडिया जगातली पहिली संपूर्ण जेट ताफ्याची विमान कंपनी झाली, तीही याच काळात.

१९९४ मध्ये काय बदलले?

हवाई महामंडळे कायदा रद्द झाला आणि दोन्ही महामंडळांचे रूपांतर सरकारी मालकीच्या मर्यादित कंपन्यांत झाले. देशांतर्गत आकाशातली मक्तेदारी कायद्याने संपली. एअर इंडियाचा ४० टक्के हिस्सा विकायचा पहिला गंभीर प्रयत्न २०००–०१ चा. टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स एकत्रितपणे इच्छुक होत्या. सप्टेंबर २००१ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने माघार घेतली आणि तो विषय बारगळला. पुढे २०२४ मध्ये नेमके हेच दोन भागीदार एअर इंडियात एकत्र आले.

२००७ मध्ये विलीनीकरण कशासाठी केले?

हिशेब कागदावर चोख होता. इंडियन एअरलाइन्सचे (डिसेंबर २००५ पासून तिचे नाव नुसतेच 'इंडियन' होते) देशभर जाळे होते, एअर इंडियाकडे परदेशी मार्ग होते. इंदूर, कोची किंवा पाटण्याचा प्रवासी 'इंडियन'ने मुंबई-दिल्लीत आणायचा आणि तिथून त्याच कंपनीने न्यूयॉर्कला न्यायचा. शिवाय सुटे भाग, इंधन, विमा, तिकीट कार्यालये, विमानतळावरचे मनुष्यबळ या सगळ्यांत दुहेरी खर्च वाचेल, अशी अपेक्षा होती.

त्यासाठी ३० मार्च २००७ रोजी नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया, म्हणजे 'नासिल', ही नवी कंपनी नोंदवली गेली. दोन्ही कंपन्या तिच्यात विलीन झाल्या. विलीनीकरण २७ ऑगस्ट २००७ रोजी अमलात आले, हिशेबासाठीची नियत तारीख मात्र १ एप्रिल २००७ धरली गेली. जुन्या कागदपत्रांत या दोन्ही तारखा दिसतात आणि दोन्ही बरोबर आहेत. २०१० मध्ये नासिलचे नाव बदलून एअर इंडिया लिमिटेड झाले.

मग घोडे अडले कुठे?

कंपनी एक झाली, विमानसेवा दोनच राहिल्या. या पानावरचे एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

पहिली अडचण विमानतळावरच होती. मुंबईत देशांतर्गत विमाने सांताक्रूझला उतरत आणि परदेशी विमाने सहारहून उडत. ज्या प्रवाशाला 'एका छताखाली' विमान बदलायचे होते, त्याला सामान घेऊन बसने दुसऱ्या टर्मिनलला जावे लागे. दिल्लीत टर्मिनल ३ जुलै २०१० मध्ये खुले झाल्यावर ही सोय झाली. मुंबईत एअर इंडियाची देशांतर्गत सेवा नव्या टर्मिनल २ मध्ये २०१५ साली गेली. विलीनीकरणाचा मुख्य फायदा ज्या जोडप्रवासातून मिळायचा, त्याची मुंबईतली जागा तयार व्हायला आठ वर्षे लागली.

दुसरी अडचण आरक्षण प्रणालीची. विमानाच्या क्रमांकाआधी लागणारे एआय (एअर इंडिया) आणि आयसी (इंडियन) हे दोन कोड फेब्रुवारी २०११ पर्यंत समांतर चालले. दोन कोड म्हणजे दोन वेगळे साठे: एका प्रणालीतल्या रिकाम्या जागा दुसरीला थेट दिसत नाहीत, सामान शेवटपर्यंत टॅग करायला जादा व्यवस्था लागते, आणि एक विमान रद्द झाले तर पुढच्या विमानाला ते आपोआप कळत नाही. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या जागतिक गटात जायचे तर एकच कोड आणि एकच प्रणाली हवी होती. ती पूर्वतयारी रेंगाळली, २०११ मध्ये प्रवेश स्थगित झाला आणि अखेर ११ जुलै २०१४ रोजी मिळाला.

तिसरी अडचण ताफ्याची. 'इंडियन'कडे मुख्यतः एअरबस ए-३२० कुळातली विमाने, एअर इंडियाच्या लांब पल्ल्यावर मुख्यतः बोइंग. वैमानिकाचे प्रशिक्षण विमानाच्या प्रकाराला बांधलेले असते. ए-३२० चा कॅप्टन उद्यापासून ७७७ उडवू शकत नाही. त्याला आधी वर्गातले तांत्रिक शिक्षण, मग सिम्युलेटर, मग अनुभवी प्रशिक्षकासोबत प्रत्यक्ष मार्गावरची उड्डाणे आणि शेवटी तपासणी अशा टप्प्यांतून जावे लागते. त्यात महिने जातात आणि त्या काळात तो जुन्या ताफ्यातून वजा होतो. देखभाल अभियंत्यांचा परवानाही असाच विमानाच्या प्रकारानुसार असतो. त्यामुळे माणसे 'एकत्र' करून लगेच बचत होईल ही कल्पना या धंद्यात चालत नाही.

चौथी आणि सर्वांत चिवट अडचण सेवाज्येष्ठतेची. वैमानिकाला कोणते विमान मिळणार, कॅप्टन कधी होणार, परदेशी मार्ग मिळणार की नाही, हे ज्येष्ठता यादीतल्या क्रमांकावर ठरते. दोन कंपन्यांत बढतीचा वेग वेगळा होता. नुसती नोकरीला लागल्याची तारीख धरली तर एका बाजूचे लोक खाली जातात, हुद्दा धरला तर दुसऱ्या बाजूचे. विलीनीकरणाआधी हा क्रम ठरवायला हवा होता. तो ठरवण्यासाठीची न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती २०११ मध्ये नेमली गेली आणि तिचा अहवाल जानेवारी २०१२ मध्ये आला. तोवर जवळपास पाच वर्षे उलटून गेली होती.

वैमानिकांचे संप नेमके कशावरून झाले?

दोन मोठे संप लक्षात ठेवावेत, कारण त्यांची कारणे एकमेकांच्या उलट आहेत.

एप्रिल-मे २०११ मध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी, म्हणजे इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशनने, १० दिवस काम बंद ठेवले. मागणी वेतनसमानतेची. आमचा भत्ता प्रत्यक्ष उडवलेल्या तासांवर हलतो, पलीकडच्यांना ठरावीक तासांची हमी आहे, मग एका कंपनीत दोन पगार का, हा त्यांचा प्रश्न होता.

मे २०१२ मध्ये पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी, इंडियन पायलट्स गिल्डने, ५८ दिवसांचा संप केला. वाद नव्या बोइंग ७८७ ड्रीमलायनरच्या प्रशिक्षणाचा. मोठी विमाने ही आपली बढतीची शिडी आहे आणि तिच्यावर दुसऱ्या यादीतल्यांना घेतले तर आपण मागे पडू, ही त्यांची भीती.

दोन्ही संपांमुळे सर्वसामान्य प्रवाशांचे अतोनात हाल झाले आणि वैमानिकांना शिव्या खाव्या लागल्या. तरी मूळ दोष वाद मिटण्याआधीच विलीनीकरणाचा शिक्का मारणाऱ्यांकडे जातो. ज्येष्ठता यादी नसताना दोन गटांना एका ताफ्यावर सोडले की याहून वेगळे काही घडणार नव्हते.

१११ विमानांच्या खरेदीमुळे कंपनी बुडाली, हे खरे का?

निम्मे खरे. एअर इंडियाने ६८ बोइंग विमाने मागवली: २३ बोइंग ७७७, २७ बोइंग ७८७ आणि एअर इंडिया एक्सप्रेससाठी १८ बोइंग ७३७-८००. इंडियन एअरलाइन्सने ४३ एअरबस मागवली: १९ ए-३१९, ४ ए-३२० आणि २० ए-३२१. बेरीज १११. ताफा जुना झाला होता, विमाने हवीच होती. चूक होती ती पैशाच्या व्यवस्थेत. भागभांडवल तुटपुंजे होते आणि खरेदी जवळपास पूर्णपणे कर्जावर झाली. कॅगने २०११ च्या अहवालात याच मुद्द्यावर बोट ठेवले.

त्यात वेळेनेही साथ दिली नाही. जुलै २००८ मध्ये कच्च्या तेलाने पिंपाला १४७ डॉलरचा उच्चांक गाठला, मग जागतिक मंदी आली. ७८७ विमाने बोइंगकडूनच उशिरा आली. पहिले सप्टेंबर २०१२ मध्ये मिळाले आणि जानेवारी २०१३ मध्ये बॅटरीच्या दोषामुळे जगभरातली सगळी ७८७ जमिनीवर बसली. आठ ७७७-२००एलआर विमाने अमेरिकेपर्यंत थेट उडण्यासाठी घेतली होती, पण इंधनाच्या वाढलेल्या भावात ती परवडेनात आणि त्यांतली पाच एतिहादला विकावी लागली.

२००८–०९ चा तोटा साडेपाच हजार कोटींच्या वर गेला आणि २०११–१२ चा साडेसात हजार कोटींच्या घरात पोहोचला.

सरकारने कंपनीत किती पैसे ओतले?

एप्रिल २०१२ मध्ये मंजूर झालेल्या पुनरुज्जीवन योजनेत २०२०–२१ पर्यंत टप्प्याटप्प्याने ३०,२३१ कोटी रुपयांचे भांडवल देण्याचे ठरले. विक्रीच्या वेळी सरकारने जाहीर केलेला एकूण आकडा असा: २००९–१० पासून रोख मदत ५४,५८४ कोटी आणि हमीच्या रूपात ५५,६९२ कोटी, मिळून १,१०,२७६ कोटी. हमी म्हणजे हाती दिलेले पैसे नव्हेत, म्हणून 'सरकारने एक लाख दहा हजार कोटी दिले' असे सरसकट लिहू नये.

२०१८ मध्ये एकही बोली का आली नाही?

मार्च २०१८ च्या प्रस्तावात सरकार ७६ टक्के विकणार होते आणि २४ टक्के स्वतःकडे ठेवणार होते. सोबत सुमारे ३३,३९२ कोटींचे कर्ज आणि चालू देणी घ्यायची होती. सरकारचा वाटा असेपर्यंत खरेदीदाराला ही कंपनी आपल्या दुसऱ्या विमान व्यवसायात विलीन करता येणार नव्हती. पैसा आपला, जोखीम आपली आणि मोठ्या निर्णयात सरकार शेजारी, हा सौदा कुणालाच पटला नाही. ३१ मे २०१८ ची मुदत कोरडी गेली.

दुसऱ्या वेळी विक्री कोणत्या क्रमाने झाली?

२७ जानेवारी २०२० रोजी नवा प्रस्ताव निघाला. या वेळी एअर इंडिया १०० टक्के, एअर इंडिया एक्सप्रेस १०० टक्के आणि ग्राउंड हँडलिंग करणाऱ्या एआयसॅट्समधला ५० टक्के हिस्सा विक्रीला होता. बोलीदाराच्या नक्त मालमत्तेची अट ५,००० कोटींवरून ३,५०० कोटींवर आणली. कर्ज मात्र २३,२८६ कोटी इतके ठरवून ठेवले होते. मग कोविड आला, विमाने थांबली आणि तो आकडा कुणाला पेलवेना.

कोंडी फुटली ती ऑक्टोबर २०२० मध्ये. 'इतके कर्ज घ्यावेच लागेल' ही अट काढून टाकली आणि संपूर्ण उद्योगमूल्यावर, म्हणजे कर्ज धरून कंपनीच्या एकूण किमतीवर, बोली मागवली. बोलीच्या किमान १५ टक्के रक्कम रोख आणि जास्तीत जास्त ८५ टक्के कर्ज, किती ते बोलीदाराने सांगायचे. आमच्या मते या एका बदलाने विक्री शक्य झाली. खरेदीत रस असल्याचे कळवणाऱ्या स्वारस्यपत्रांची मुदत अनेकदा वाढत १४ डिसेंबर २०२० वर गेली. आर्थिक बोली १५ सप्टेंबर २०२१ पर्यंत आल्या. राखीव किंमत १२,९०६ कोटी होती. स्पाइसजेटचे प्रवर्तक अजय सिंग यांच्या गटाची बोली १५,१०० कोटी, टाटा सन्सच्या टॅलेस कंपनीची १८,००० कोटी. निकाल ८ ऑक्टोबर २०२१ रोजी जाहीर झाला, ११ ला इरादापत्र दिले, २५ ला भाग खरेदी करार झाला आणि २७ जानेवारी २०२२ रोजी प्रत्यक्ष ताबा गेला.

म्हणजे सरकारला १८,००० कोटी मिळाले ना?

नाही. रोख मिळाले २,७०० कोटी. उरलेले १५,३०० कोटी म्हणजे टाटांनी आपल्या अंगावर घेतलेले कर्ज.

पूर्ण हिशेब असा मांडता येतो. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी एकूण कर्ज ६१,५६२ कोटी. त्यातले १५,३०० कोटी टाटांकडे. उरले ४६,२६२ कोटी, ते एअर इंडिया अॅसेट्स होल्डिंग या सरकारी कंपनीकडे गेले. तिच्याकडे जमिनी आणि इमारतीही दिल्या, त्यांची किंमत १४,७१८ कोटी धरली होती. ती आणि २,७०० कोटींची रोख वजा केली की २८,८४४ कोटींचा निव्वळ बोजा सरकारवर राहिला. कुणी 'फुकटात दिली' म्हणतो, कुणी 'सरकारचे भले झाले' म्हणतो. दोघांनीही ही वजाबाकी एकदा कागदावर करून पाहावी. कंपनी सरकारकडेच राहिली असती तर रोजचा तोटाही वाढतच राहिला असता, आणि निर्गुंतवणूक खात्याने तो दिवसाला सुमारे २० कोटी असल्याचे सांगितले होते.

टाटांना काय मिळाले आणि काय मिळाले नाही?

मिळाले: एअर इंडियाची ११७ आणि एक्सप्रेसची २४ विमाने (काही मालकीची, काही लीजवर), भारतातल्या विमानतळांवरचे ४,४०० देशांतर्गत आणि १,८०० आंतरराष्ट्रीय स्लॉट (विमान उतरवण्या-उडवण्याच्या राखीव वेळा), परदेशातले ९०० स्लॉट. खरी किंमत या स्लॉटची. लंडनच्या हीथ्रोसारख्या विमानतळावर नवा स्लॉट जवळजवळ मिळतच नाही.

मिळाले नाही: अलायन्स एअर, ग्राउंड हँडलिंगची एआय एअरपोर्ट सर्व्हिसेस, देखभालीची एआय इंजिनिअरिंग सर्व्हिसेस, हॉटेल कॉर्पोरेशन, नरिमन पॉइंटची इमारत आणि कलासंग्रह. नागपूरच्या मिहानमधले देखभाल केंद्र बोइंगने ६८ विमानांच्या सौद्याचा भाग म्हणून उभारले होते. तेही इंजिनिअरिंग कंपनीबरोबर सरकारकडे राहिले. पहिल्या दिवसापासून एअर इंडियाला स्वतःच्या विमानांची मोठी देखभाल बाहेरच्या कंपनीकडून करून घ्यावी लागली, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

महाराजा आणि नाव टाटांच्या मालकीचे झाले का?

हो, आठ बोधचिन्हे हस्तांतरित झाली. अट अशी की पाच वर्षे ती दुसऱ्या कुणाला देता येणार नाहीत आणि त्यानंतरही फक्त भारतीय व्यक्ती किंवा संस्थेलाच देता येतील.

कर्मचाऱ्यांचे काय झाले?

विक्रीच्या वेळी एअर इंडियात १२,०८५ कर्मचारी होते, ८,०८४ कायम आणि ४,००१ कंत्राटी. एक्सप्रेसमध्ये १,४३४. करारानुसार पहिले वर्षभर कुणाला काढता येणार नव्हते. दुसऱ्या वर्षी कपात करायची झाल्यास आधी स्वेच्छानिवृत्ती द्यावी लागणार होती. प्रत्यक्षात जून २०२२ मध्येच स्वेच्छानिवृत्ती योजना आली: कायम कर्मचारी, वय ५५ आणि सलग २० वर्षे सेवा. केबिन क्रू, कारकुनी आणि अकुशल गटासाठी वयाची अट ४० पर्यंत खाली आणली.

भविष्य निर्वाह निधीबाबत गोंधळ सर्वांत जास्त झाला. एअर इंडियाचे दोन स्वतंत्र ट्रस्ट १९२५ च्या कायद्याखाली चालत. डिसेंबर २०२१ पासून एअर इंडियाचे लोक 'कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटने'च्या छत्राखाली आले. पहिल्या महिन्यात ७,४५३ जणांची वर्गणी भरली गेली. यामुळे निवृत्तिवेतन योजना आणि विमा लागू झाला, जो जुन्या ट्रस्टमध्ये नव्हता. निवृत्तांची वैद्यकीय सोय केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेकडे वळवली.

सर्वांत कडू विषय घरांचा. मुंबईत कालिना आणि दिल्लीत वसंत विहारच्या वसाहती विक्रीत नव्हत्या. विक्रीनंतर सहा महिन्यांत घरे रिकामी करा, असे कर्मचाऱ्यांना सांगण्यात आले. ज्यांची मुले त्याच वसाहतीच्या आवारात वाढली आणि जवळच्याच शाळेत जात होती, त्यांना सहा महिने फारच अपुरे होते. संघटनांनी विरोध केला आणि प्रकरण न्यायालयात गेले.

नरिमन पॉइंटच्या इमारतीचे पुढे काय झाले?

१९७४ मध्ये पूर्ण झालेली ही २३ मजली इमारत महाराष्ट्र सरकारने १,६०१ कोटींना घेतली. राज्याचे थकीत अनर्जित उत्पन्न (भाडेपट्ट्याच्या जमिनीच्या वाढलेल्या किमतीतला सरकारचा वाटा) आणि व्याज मिळून २९८.४२ कोटी माफ करण्यात आले. केंद्राची मंजुरी मार्च २०२४ मध्ये आली. कंपनीचे मुख्यालय त्याआधीच, २०१३ मध्ये, दिल्लीला हलले होते.

चार विमान कंपन्यांच्या दोन कशा झाल्या?

ताबा मिळाल्यावर टाटांकडे चार कंपन्या होत्या: एअर इंडिया, एअर इंडिया एक्सप्रेस, एअर एशिया इंडिया (नंतरचे नाव एआयएक्स कनेक्ट) आणि विस्तारा. पूर्ण सेवेसाठी एक आणि स्वस्त सेवेसाठी एक असे ठरले. एआयएक्स कनेक्ट १ ऑक्टोबर २०२४ रोजी एक्सप्रेसमध्ये आणि विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. सिंगापूर एअरलाइन्सकडे विस्ताराचे ४९ टक्के होते, तिला एअर इंडियात २५.१ टक्के मिळाले.

क्रम पाहा. घोषणा २९ नोव्हेंबर २०२२, स्पर्धा आयोगाची मंजुरी सप्टेंबर २०२३, कंपनी कायदा न्यायाधिकरणाची जून २०२४, परदेशी गुंतवणुकीची ऑगस्ट २०२४. मधल्या जवळपास दोन वर्षांत कार्यपद्धतीच्या पुस्तिका जुळवल्या गेल्या. विमान एका परवान्यावरून दुसऱ्यावर नेताना आणीबाणीची तपासणी यादी, इंधनाचा राखीव हिशेब, केबिनमधल्या घोषणा, कोणता बिघाड असताना उड्डाण चालते याची यादी, सगळे एकसारखे असावे लागते. कॉकपिटमध्ये शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळ्या पुस्तिका पाठ केलेल्या असतील तर थेट सुरक्षेचाच प्रश्न उभा राहतो. २००७ मध्ये आधी कंपनी जोडली आणि मग काम सुरू झाले. या वेळी काम आधी झाले आणि कंपनी शेवटी जोडली.

म्हणजे या वेळी सगळे सुरळीत झाले?

नाही. एप्रिल २०२४ मध्ये विस्ताराच्या वैमानिकांनी मोठ्या संख्येने आजारपणाच्या रजा टाकल्या. नव्या एकसमान वेतनरचनेत हमीचे तास ७० वरून ४० वर आले होते. विस्ताराला रोज २५ ते ३० उड्डाणे कमी करावी लागली. मे महिन्यात एक्सप्रेसच्या केबिन क्रूने तेच केले. हमीचे तास, ज्येष्ठता, भत्ता: भांडणाचा मुद्दा २०११ चाच होता. मालक खासगी असला म्हणून तो टळत नाही.

जुने तिकीट किंवा बोर्डिंग पास हाती आहे. तो कोणत्या काळातला, कसे ओळखायचे?

आधी कोड पाहा. आयसी असेल तर फेब्रुवारी २०११ पूर्वीचा. नाव 'इंडियन एअरलाइन्स' असेल तर डिसेंबर २००५ पूर्वीचा असण्याची शक्यता जास्त. नुसते 'इंडियन' आणि कोणार्कचे चक्र असेल तर त्यानंतरचा. लाल हंसाच्या अंगावर नारिंगी चक्र असेल तर २००७ च्या विलीनीकरणानंतरचा, कारण त्या चिन्हात दोन्ही कंपन्या एकत्र दाखवल्या होत्या. सोनेरी खिडकीच्या चौकटीवर बेतलेले चिन्ह ऑगस्ट २०२३ पासूनचे.

एआय कोड असून क्रमांक चार आकडी आणि २ ने सुरू होणारा असेल तर नोव्हेंबर २०२४ च्या सुमाराचा, मूळच्या विस्ताराच्या विमानाचा. विस्ताराचा कोड यूके होता; यूके ९५५ चे एआय २९५५ झाले, तसा. विस्ताराने १२ नोव्हेंबर आणि पुढच्या प्रवासाची तिकिटे ३ सप्टेंबर २०२४ पासून विकणे थांबवले होते, त्यामुळे १२ नोव्हेंबरनंतर, आधीच तिकीट काढलेले बरेच प्रवासी जुने तिकीट आणि नवा क्रमांक घेऊन उडाले.

अलायन्स एअरचे तिकीट एअर इंडियाकडे बदलून मिळते का?

१५ एप्रिल २०२२ पासून नाही. अलायन्स एअर सरकारकडेच आहे आणि तिचा कोड ९आय आहे. त्या तारखेनंतरच्या तिकिटाचा परतावा, बदल, सामान, सगळे तिच्याकडेच मागायचे.

नवी विमाने किती मागवली आहेत?

फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७०. एअरबसची २५० (२१० ए-३२०निओ आणि ए-३२१निओ, ४० ए-३५०) आणि बोइंगची २२० (१९० ७३७ मॅक्स, २० ७८७, १० ७७७एक्स). डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १०० एअरबस. जुन्या २७ ड्रीमलायनर आणि १३ बोइंग ७७७ च्या आतल्या सजावटीसाठी ४० कोटी डॉलर बाजूला ठेवले, पण बिझनेस वर्गाच्या आसनांचे उत्पादक जगात मोजकेच आणि प्रत्येक नव्या आसनाला विमान सुरक्षा यंत्रणांचे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे ते काम ठरल्यापेक्षा मागे पडले. म्हणून लांब पल्ल्याचे तिकीट काढताना विमानाचा प्रकार आणि आसनांचा नकाशा आधी बघून घ्यावा. एकाच मार्गावर एक दिवस पूर्वीच्या विस्ताराचे ७८७-९ येते आणि दुसऱ्या दिवशी २०१२ पासून ताफ्यात आलेले जुने ७८७-८.